खिडकीतून धरलेली जागा

माझी पोटची पोर मी एकदा माझ्या या दोन हातांनी गाडीच्या खिडकीतून आत ठेवली आणि स्वतः मात्र दुसऱ्याच गाडीत जाऊन चढले.

कबुली द्यायची तर अशी सरळ पहिल्या ओळीत दिलेली बरी, मग कुणी खोदून विचारत नाही. हे माझ्या हातून वेंधळेपणाने झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण वेंधळी बाई गुमान मागे उभी राहते, गर्दी ओसरली की चढते, उभ्याने जाते, आणि तिचं काही बिघडत नाही. मी हुशार होते. निदान माझी तशी समजूत होती.

आधी जागा धरणं म्हणजे काय ते सांगते, कारण मध्यंतरी माझ्या नातीला सांगितलं तर तिला वाटलं, आजी थापा मारतेय. तेव्हा एसटीची लाल गाडी स्टँडात शिरताना दिसली की ती थांबायच्या आतच माणसं तिच्या बाजूने पळू लागत. दारातून आत शिरणं ही पुढची गोष्ट. आधी खिडकीतून काहीतरी सीटवर टाकायचं. रुमाल, टोपी, छत्री, घडी केलेलं वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते. ज्याची वस्तू सीटवर, त्याची सीट. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण कायद्यापेक्षा जास्त पाळलं जायचं. एकदा एका बाईने सुक्या बोंबलांची जुडी टाकलेली मी पाहिली. तिच्या जागेवर तर कुणी बसलं नाहीच, शेजारची जागाही तिलाच मिळाली.

रुमालावरून मात्र भांडणं व्हायची. एखादा दांडगा इसम रुमाल उचलून खाली सोडायचा, वर ऐटीत बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "वाऱ्याने उडाला असेल." म्हणून ज्यांच्यापाशी लहान मूल असे ते मूलच आत सोडायचे. रुमाल उचलून टाकता येतो, पोर कोण टाकणार? या कामाला गाडीच्या उजव्या अंगाची, मागची एक मोठी खिडकी फार सोयीची. तिला गज नसत. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. आम्ही तिचा उपयोग आत शिरायला करायचो. संकट तिथूनच सुरू होतं, हे त्या लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मी तेव्हा बोर्ली पंचतनच्या पलीकडे एका खेड्यात शाळेत शिकवत होते. सासरही तिथेच. नवरा मुंबईला कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. घरात मी, साडेतीन वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या फार बोलत नसत. जे बोलत ते मिठासारखं, चिमटीने. दिवाळीच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन माहेरी, पालीच्या बाजूला, निघाले, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं.

"पोरीला स्टँडावर कडेवरनं खाली ठेवू नको. स्टँड म्हंजे खाडी हाय. मानूस कुठल्या बाजूला व्हात जाईल, कळत न्हाय."

मी "हो आत्या" म्हणाले आणि मनात म्हणाले, वर्षातून दोनदा गाडीत बसणारी ही बाई, ही मला स्टँड शिकवणार! मी नोकरी करणारी, पगार घेणारी, पदर खोचून गर्दीत शिरणारी. जागा धरण्यात आमच्या लाइनीवर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचविशी नुकतीच ओलांडलेली बाई स्वतःला किती समजते, याला काही सुमार नाही. आज ती समोर आली तर मी तिचे दोन्ही कान पिळीन.

सुट्टी संपली त्या दिवशी परत येताना माणगावला गाडी बदलायची होती. स्टँड तुडुंब. दिवाळीला गावी आलेले मुंबईकर परत चाललेले, माहेरवाशिणी आपापल्या सासरी चाललेल्या, प्रत्येकीच्या हातात फराळाचे डबे. माझ्याकडे दोन पिशव्या, एकीत आईने दिलेले पोहे, दुसरीत कपडे, आणि कडेवर लेक.

बोर्लीची गाडी लागली. तिचं दार डावीकडे, आणि तिथे अशी झुंबड की खुद्द कंडक्टरला आत जाता येईना. तिच्या उजव्या बाजूला पालीची गाडी आधीपासून उभी होती. दोन्ही गाड्यांच्या मधे दोन माणसं कशीबशी जातील एवढा बोळ. मी त्या बोळात शिरले. गज नसलेली ती खिडकी सताड उघडी होती. मी पिशव्या खाली ठेवल्या, लेकीला काखांत धरून उचललं आणि आतल्या सीटवर सोडलं.

"इथं बसायचं. कुणीही ऊठ म्हणालं तरी उठायचं नाही. बाहेर बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आई येईपर्यंत काय करायचं?"

"जागा धरायची," ती म्हणाली. मास्तरणीची पोर, पाठांतर पक्कं.

आता मला गाडीला मागून वळसा घालून डाव्या अंगाच्या दाराशी जायचं होतं. मी पिशव्या उचलल्या, तोंड फिरवलं, तर समोर हाताच्या अंतरावर दार! उघडं, आणि जेमतेम दोन-तीन माणसं चढणारी. मला माझाच अभिमान वाटला. लोक पलीकडे मरतायत आणि इकडे मोकळं दार कुणाला दिसतच नाही. पिशवीने एका बाप्याला ढोसलं, कोपराने दुसऱ्याला, आणि चढले.

ते दार पालीच्या गाडीचं होतं.

आज हे सांगायला एक ओळ लागली. तेव्हा मला कळायला अख्खी गाडी पालथी घालावी लागली. मी मागे गेले, उजव्या बाजूच्या सीटपाशी. तिथे एक आजोबा पेरू खात बसले होते.

"आजोबा, उठा. ही जागा धरलेली आहे. माझी पोर बसलीय इथं."

"कुठं?"

"इथंच."

त्यांनी आधी शेजारी पाहिलं, मग वाकून सीटखाली पाहिलं, मग पेरूचा एक घास घेतला. "बाई, मी मघापासनं बसलोय. पोर असती तर टोचली असती."

"ही बोर्लीची गाडी ना?"

"पालीची."

मी मान वळवली. पलीकडची गाडी हळूहळू मागे सरकत होती. त्या मोठ्या खिडकीत माझी लेक दिसली. ताठ बसलेली, नजर समोर. गाडीतली बाकीची सगळी माणसं बाहेर बघत होती, ती तेवढी बघत नव्हती. मीच सांगितलं होतं ना.

अशा वेळी काय वाटलं ते नीट आठवत नाही, असं लोक म्हणतात. मला नीट आठवतं. पहिला विचार आला तो आत्यांचा, आता त्यांना तोंड कसं दाखवू. पोरीचा विचार त्यानंतर आला. लाज वाटते लिहायला, पण क्रम असाच होता. ती उतरली तर कुठे उतरेल? रडली तर कुणाला काय सांगेल? तिला गावाचं नाव धड म्हणता येत नव्हतं.

मी खाली उडी मारली. एक चप्पल तिथेच पालीच्या गाडीच्या पायरीखाली राहिली, ती कायमची. "थांबवा! थांबवा!" करत फाटकापर्यंत धावले, तोवर गाडी हमरस्त्याला लागली होती.

"राहू दे ताई," एक जण समजुतीने म्हणाला, "दुसरी आहे दुपारच्याला."

"अहो, गाडी नकोय मला! पोर हवीय!"

चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी ऐकून घेतलं, पुढच्या स्टँडला फोन लावला. फोन लागेना. ते पुन्हा पुन्हा डायल फिरवत राहिले, त्यांचा काही दोष नाही. पण मला तिथे उभं राहवेना. स्टँडाबाहेर बोर्लीच्याच वाटेवरच्या मोर्ब्याला जाणारी सहा आसनी रिक्षा भरत होती. त्या तीनचाकी नुकत्याच आमच्या भागात आल्या होत्या. आसनं सहा असायची, माणसं अकरा बसायची, आणि बारावं आल्याशिवाय ती हलायची नाही. त्या दिवशी बारावी मी. दाढी पिकलेले एक चाचा चालवत होते. मी काय बोलले कोण जाणे, त्यांनी फक्त स्वतःच्या सीटचा अर्धा पाट रिकामा केला.

"बस, बेटी. मोर्ब्याला गाडी थांबते. अल्ला खैर करील, गाठतो मी तिला."

मी बसले म्हणजे काय, निम्मी बसले. उरलेली निम्मी बाहेर, रस्त्यावर तरंगत. दार नाही, साखळी नाही, धरायला चाचांचा खांदा. मागून चौकशी सुरू झाली.

"काय झाला गं?"

"पोर गाडीत राहिली."

"इसरलीस?"

"विसरले नाही. ठेवली."

"ठेवली? अगो, पोर काय पिशवी हाय ठेवायला?" मग जरा थांबून, "आन् पिशव्या कुठं हायत?"

दोन्ही पिशव्या माझ्या मांडीवर होत्या. चप्पल सोडली, पोर सोडली, पोहे मात्र सोडले नव्हते. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आणि मीही रडता रडता हसले. रिक्षा पुढचं चाक उचलल्यासारखी धावत होती. वाटेत एकाने हात दाखवला आणि चाचांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला, तशा मागून अकरा जणांनी एकदम आरोळी ठोकली, "थांबू नको!" वळणावर मी अशी काही बाहेर झुकले की रस्त्याकडेची झुडपं साडीला घासून गेली. पोरीचं कसं होईल म्हणून धावणारी मी त्या घटकेला साऱ्या रस्त्यावर सगळ्यात आधी सांडणारी वस्तू होते. हे मला सुचलं मात्र खूप वर्षांनी. तेव्हा वाटलं होतं, चाचा अजून जोरात का नाही हाकत!

मोर्ब्याच्या थांब्यावर गाडी उभी होती. नुसती थांबलेली नाही, इंजिन बंद करून उभी. कंडक्टर पायरीवर हाताची घडी घालून. त्याने माझा एक अनवाणी पाय पाहिला आणि आत तोंड करून जाहीर केलं, "आल्या बाई."

"आल्या एकदाच्या!" अख्खी गाडी म्हणाली.

आत मुंगीला शिरायला वाव नव्हता. माणसांनी अंग चोरून मला वाट दिली. शेवटाला पोचले, तर काय पाहावं? सगळी गाडी एकमेकांच्या पायांवर उभी, आणि माझ्या लेकीच्या शेजारची जागा मोकळी. तिने आपले दोन्ही तळवे त्या जागेवर पसरून ठेवले होते. बाजूला उभा असलेला एक आडदांड माणूस मनगट चोळत होता.

"तुमची का ही?" तो म्हणाला. "दोनदा बसायला गेलो. दुसऱ्यांदा चावली."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. थोडा राग होता.

"आई, किती उशीर केलास! बस आता. जागा धरलीय मी."

मी बसले. त्या गाडीच्या सीटांना गादी कसली, फाटक्या रेक्झिनखाली फळी लागायची. पण तेवढी मऊ जागा मला आयुष्यात पुन्हा मिळालेली नाही. लेकीला मांडीवर घेऊन तिच्या केसांत तोंड खुपसलं. तेल आणि धूळ यांचा वास आला.

कंडक्टर तिकिटाची पेटी घेऊन माझ्यापाशी आला. मला तो ओळखत होता, दर सुट्टीला त्याच लाइनीवर असायचा.

"बाई, शाळेत रोज हजेरी घेता ना?"

"घेते."

"किती पोरं?"

"अडतीस."

"आणि घरची?"

"एक."

"मग गाडीत चढताना एक म्हणायला कितीसा वेळ लागतो हो?"

गाडी हसली. नंतर शेजारच्या बाईकडून कळलं, की निघाल्यापासून तो प्रत्येकाला विचारत होता, ही कुणाची पोर. मोर्ब्याला काही जण कुरकुरले, आम्हाला उशीर होतो, हिला इथे कुणापाशी तरी सोडा नि चला. त्यावर तो म्हणाला होता, जिची पोर आहे तिला इथवर यायला लागेल तेवढा वेळ गाडी थांबेल, घाई असेल त्याने चालायला लागावं. त्याने घंटा ओढली तेव्हा मला त्याचे पाय धरावेसे वाटले. गर्दीमुळे वाकता आलं नाही, एवढंच.

माझी ही लेक आता पनवेलला असते. तिची स्वतःची गाडी आहे आणि त्या गाडीत तिच्या मुलीसाठी वेगळी छोटी खुर्ची बांधलेली आहे. नातीला तीत बसवायचं, खांद्यावरून दोन पट्टे, कमरेला एक, मधे खटका. मी मागे पट्टा न लावता बसले की गाडी टुंग टुंग ओरडायला लागते, आणि गाडीपेक्षा मोठ्याने नात ओरडते, "आज्जी, बेल्ट!" मी मुकाट्याने लावते. पहिल्यांदा मी ती खुर्ची पाहिली तेव्हा लेकीला म्हटलं होतं, "अगं, पोर आहे का बरणी? एवढं काय झाकण लावून ठेवतेस?" मग मला ती खिडकी आठवली आणि खटका नीट लागलाय ना, ते मीच ओढून पाहिलं. लेकीला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की तिने जागा धरली होती. फार अभिमानाने सांगते, आणि मी तिला ते सांगू देते.

माझ्या वयाच्या बायका जमल्या की उसासे टाकतात, पूर्वी काही नव्हतं बाई, पट्टे नव्हते, हेल्मेटं नव्हती, टपावर बसून जायचो, तरी काही झालं नाही. ज्यांना झालं ते सांगायला आलेले नाहीत, म्हणून असं वाटतं. आम्ही शहाणे नव्हतो, आम्ही वाचलो, एवढंच. पुढे गाड्यांच्या खिडक्यांना दाट गज आले तेव्हा स्टँडावर लोकांनी केवढी ओरड केली, आता जागा कशी धरायची म्हणून. मला कुणी विचारलं असतं तर मी स्वतः उभी राहून वेल्डिंग करून दिलं असतं.

तर त्या दिवशी. गाडी घरच्या दिशेला लागली तशी पोर मिळाल्याच्या आनंदाला दुसरी धास्ती चिकटली. आत्या. म्हसळ्याला गाडी थांबली तेव्हा लेकीला गरम भजी घेऊन दिली आणि समजावलं, "हे आजीला सांगायचं नाही हं. गाडीतलं गाडीत."

"नाही सांगणार," ती भजी खात म्हणाली.

घरी पोचलो. आत्या ओट्यावर भात पाखडत होत्या. लेक धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि एका दमात म्हणाली, "आजी, मी एकटी गाडीतनं आले आणि आई मागनं रिक्षातनं आली आणि मी एका माणसाला चावले."

आत्यांचं सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"दुसरी चप्पल?"

"तुटली," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा भात पाखडायला घेतला. बस्स. एक शब्द नाही. जेवताना नाही, दिवे लागल्यावर नाही. लेकीला मात्र त्यांनी कुशीतून सोडलं नाही. मला वाटलं, आता हे मुंबईला कळणार, नवरा येणार, आणि पोर यापुढे माझ्या हाती कुणी देणार नाही. माझी नोकरीही जाणार त्यात. बाईने घराबाहेर पडावं की नाही, याचा निकाल तेव्हा असल्याच एखाद्या गोष्टीवर लागायचा.

सकाळी मी शाळेला निघाले, लग्न होऊन गेलेल्या नणंदेच्या जुन्या चपला पायात घालून. आत्या लेकीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत आल्या. एरवी त्या कधी उंबऱ्यापर्यंतही यायच्या नाहीत. मी ओळखलं, आता बोलणार. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांचं माहेर खाडीपलीकडे, मुरुडच्या अंगाला. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या होडीनेच जायच्या-यायच्या, एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि म्हणाल्या:

"अगो, तुझी तर मोर्ब्यालाच गावली. माझा होडीत बसून खाडीपार गेला व्हता. जागा धराया म्हनून एका बाईच्या मांडीवर दिला नि गाठोडा आनाया वळले, तर होडी सुटली. तुझ्या नवऱ्याला सांगू नको हां. त्याला अजून वाटतं, आयनं त्याला कडेवरनं कधी खाली ठेवलाच न्हाय."